प्राचीन कारागिरी आणि आजचे कारखाने

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषणाचा मजकूर)



साकीनाका हा हाताला काम देणारा भाग आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत लेथ चालतात, पत्रे कापले जातात, साचे घडतात, कपडे शिवले जातात. येथे बसलेल्या पुष्कळ कुटुंबांची भाकरी अशाच गाळ्यांतून येते. २०१४ साली येथे मेट्रो आली. जुन्या लेथशेजारी संगणकावर चालणारी यंत्रे आली, आणि आता तर हिशेब, पत्रे व आराखडेही करून देणारी यंत्रे निघाली आहेत. अशा वेळी कारखानदार विचारतो, कोणते यंत्र घ्यावे? पालक विचारतात, मुलाला कोणते शिक्षण द्यावे? हे प्रश्न नवे वाटतात. पण माणूस हत्यारे वापरू लागला तेव्हापासून ते आहेतच. म्हणून मागच्या लोकांनी काय केले, ते आज थोडक्यात पाहू.

पहिले उदाहरण दूरचे आहे. १९०१ साली ग्रीस देशातील अँटिकिथेरा बेटाजवळ, समुद्रात बुडालेल्या एका जहाजातून काशाचे एक यंत्र बाहेर निघाले. ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्यातील तीस दातेरी चक्रे आजही शिल्लक आहेत. सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणे यांचे गणित ते यंत्र करी. परंतु इतकी गुंतागुंतीची चक्रयंत्रे त्यानंतर हजाराहून अधिक वर्षे कोठेच आढळत नाहीत, आणि ते कसे घडवावे हे सांगणारा ग्रंथही आपल्यापर्यंत पोचलेला नाही. घडवणाऱ्याचे हात गेले, आणि त्या हातांतले ज्ञानही गेले.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकिर येथे अर्तुकी राजांच्या पदरी अल्-जझरी नावाचे थोर यंत्रकार होते. १२०६ साली त्यांनी आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. पाणी उपसण्याचे पंप, पाण्यावर चालणारी घड्याळे, हात धुण्याची साधने, सारे त्यात आहे. नुसते वर्णन नव्हे, तर मापे, आकृत्या आणि घडवण्याची रीतही त्यांनी दिली. आपल्यामागून येणाऱ्या कारागिराला ते यंत्र पुन्हा घडवता यावे, हा त्यामागचा हेतू होता. सातशे अडुसष्ट वर्षांनी, १९७४ साली, डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. कारागिरी त्या ग्रीक यंत्रातही कमी नव्हती. ज्याची माहिती लिहिली आणि जपली गेली, त्याची विद्या राहिली.

आता आपल्या घराजवळ येऊ. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी येथून जवळच आहेत, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. मुलांनी कान्हेरीला सहलीस जावे, आणि मूर्तींबरोबर तेथील पाण्याची व्यवस्थाही पाहावी. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून खाली येते आणि लेण्यांजवळच्या टाक्यांत साठते. शेकडो वर्षे तेथे राहणाऱ्या भिक्षूंची तहान त्या पाण्याने भागली. ही टाकी कोणी दिली? तेथील शिलालेख वाचले तर दात्यांत व्यापाऱ्यांबरोबर कारागीरही दिसतात. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले, आणि कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. स्वतःच्या हाताने पोट भरणाऱ्यांनी सर्वांच्या सोयीची कामे केली आणि ती दगडावर लिहून ठेवली.

याहून मोठा धडा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरला आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे कायम ठेव म्हणून दिली. अशा संघाला त्या काळी श्रेणी म्हणत. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारांवर दरमहा शेकडा पाऊण असा दर ठरला. मुद्दल परत घ्यायचे नाही. उत्पन्न तेवढे वापरायचे. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे वर्षाला दोनशे चाळीस होतात, आणि त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पुढे तिसऱ्या शतकात विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशाच ठेवी दिल्या. त्यांतील दोन हजार कार्षापण उदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे होते.

व्याजाच्या बाबतीत आपला धर्म काय सांगतो हे आपण जाणतो. तो भाग सोडून देऊ. घेण्याजोगे आहे ते वेगळेच. राजाचा जावई आपली रक्कम विणकरांच्या हाती सोपवतो, ती कशाच्या भरवशावर? एक विणकर गेला तरी श्रेणी राहते, काम चालू राहते, आणि व्यवहार लेखी असतो, या भरवशावर. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर झाला आणि दप्तरात नोंदला गेला, असेही त्या लेखात आहे. आपल्या गाळ्यांतून लाखांची कामे तोंडी ठरतात आणि पुढे भांडणे होतात. त्या विणकरांचे शहाणपण आपल्याला आजही उपयोगी आहे.

मुद्दल राखून उत्पन्न सत्कार्याला लावायचे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. वक्फ म्हणजे तेच. पूर्वीच्या औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. त्या शहराची पाण्याची कालवायोजना सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर यांनी सुरू केली. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून ही चक्की बसवली गेली. पडत्या पाण्याने जाते फिरे, आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी धान्य दळले जाई. नळ फुटला, गाळ साचला, तर चक्की बंद पडणार. म्हणजे यंत्राइतकीच त्याची देखभाल मोलाची.

या सर्वांतून आजच्या कारखानदाराने तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, यंत्र घेताना नुसता हप्ता मोजू नये. त्याची दुरुस्ती आणि ते चालवणाऱ्याचे शिक्षण, यांसाठीही दरमहा काही रक्कम बाजूला ठेवावी. दुसरी, आपल्या उस्तादाच्या हातात जे आहे ते कागदावर आणावे. कोणत्या धातूला कोणती गती, कोणत्या साच्याला किती सूट, हे अनेक गाळ्यांत एकाच माणसाला ठाऊक असते. तो आजारी पडला की काम थांबते, आणि तो गेला की विद्या जाते. तिसरी, लहान गाळेवाल्यांनी एकत्र यावे. एकट्याला न परवडणारे यंत्र दहा जणांना मिळून परवडते.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. घरची अडचण मी जाणतो. पण आठवीतल्या मुलाला शाळेतून काढून हेल्पर म्हणून उभे केले, तर त्याला हत्यार धरता येईल, आकृती वाचता येणार नाही. आज लेथवरच्या कामगारालाही इंग्रजी सूचना, कोन आणि दशांश समजावे लागतात. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावणे हा गुन्हाही आहे. त्याला दहावी होऊ द्या, मग आय.टी.आय.मध्ये घाला, किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर शिकू द्या. मुलींनाही हाच न्याय लावा. संगणकावर आराखडा काढायला मनगटाचे बळ लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे एक काम सोपवतो. तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे वडीलधारे उस्ताद असतील. सुटीत त्यांच्याजवळ बसा. त्यांना विचारा, आकृत्या काढा, मापे लिहा, वहीवर त्यांचे नाव घाला. कुराणाच्या अगदी पहिल्या आयतींत वाचनाबरोबर लेखणीचाही उल्लेख आहे, हे ध्यानात असू द्या. अशा पन्नास वह्या या शाळेच्या ग्रंथालयात जमल्या, तर साकीनाक्याच्या हुनराचा तो पहिला ग्रंथ होईल.