परतीचा प्रवास

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितलं, तेव्हा मंडळींना वाटलं असेल, हे गिरणी कामगारांच्या लढ्यावर बोलणार. तो विषय आहेच. पण आज आम्ही एका साध्या विषयावर बोलणार आहोत. सहकुटुंब लांबच्या प्रवासाला गेलं, तर घरी परत कसं यावं? हसू नका. जायचं कसं हे सगळ्यांना कळतं. महिनाभर आधी वर्गणी निघते, गाडी ठरते, बायका चकल्या तळतात. परतीचा विचार मात्र गाडीत बसल्यावर सुरू होतो.

गेल्या थंडीत आम्ही घरची अकरा माणसं भाड्याची गाडी करून मालवणजवळ देवबागला गेलो. आमच्या वडिलांची पिढी मुंबईहून कोकणात बोटीनं जायची, मग एस.टी. आली, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. आता वस्तीतल्या पोरांच्या हाती गाड्या आल्या. ही चांगली गोष्ट आहे. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मधे माडाच्या बागा आणि माणसांची घरं. पावसाळ्यात समुद्र किनारा खातो, म्हणून लोकांनी दगडी बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या. टोकाला नदी समुद्राला मिळते आणि रस्ता संपतो. तिथून गाडी वळवायचीच.

तिथे आम्ही एक पाहिलं. पुष्कळ कुटुंबं दिवसभर समुद्रात डुंबतात, रात्री जेवतात आणि नऊ-दहाला गाडी काढतात. हिशेब असा की रात्रीत मुंबई गाठायची, आंघोळ करायची आणि थेट ड्युटीवर. एका मुक्कामाचे पैसे वाचले, एक खाडा वाचला. आमच्याही पोरांचं हेच म्हणणं होतं. आम्ही म्हटलं, नाही. गाडी सकाळीच निघेल आणि वाटेत मुक्काम होईल. घरात थोडी कुरकुर झाली. म्हणून कारण सांगावं लागलं, तेच इथे सांगतो.

आम्ही साचेखात्यात रातपाळ्या केलेल्या आहेत. रातपाळीत दहा-अकराला माणूस ताजातवाना असतो, गप्पा मारतो. खरी वेळ पहाटे तीन ते पाच. डोळे उघडे असतात, पण समोरचं दिसत नाही. धागा तुटलेला असतो, साचा चालूच असतो आणि कापड खराब होतं. जुने कामगार त्या वेळी तोंडावर पाणी मारायचे, तंबाखू मळायचे, तरी हात चुकायचा. साच्यावर चूक झाली तर कापड जातं. स्टिअरिंगवर झाली तर काय जातं, ते सांगायला नको. 19 जानेवारी 2023 ला पहाटे मुंबई-गोवा महामार्गावर माणगावजवळ रेपोलीला व्हॅन आणि ट्रकची धडक झाली, नऊ माणसं जागच्या जागी गेली. खाडा पडला तर एक दिवसाचा पगार कापला जातो, महिनाअखेरीला भागवून घेता येतं. माणूस गेलं तर कुणी भागवायचं?

बंधूंनो, आठ तासांची किंमत आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा 1946 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले. पुढे 1961 साली मोटार कामगारांचा कायदा झाला, त्यात ड्रायव्हरलाही दिवसाचे आठ तास ठरवून दिले. गिरणीत मालकाकडून आपण आठ तास भांडून घेतो. मग भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, जो आपल्याच वस्तीतला पोरगा असतो, त्याला आपण मालक होऊन रात्रभर जागवायचं काय?

तर आम्ही सकाळी सहाला देवबाग सोडलं. कसाल, कणकवली, राजापूर, हातखंबा, चिपळूण करीत, कशेडीचा बोगदा ओलांडून सावित्रीच्या पुलावर आलो. इथेच 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात जुना पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नातवंडं गप्प बसून पाण्याकडे बघत होती. संध्याकाळी महाडला मुक्काम केला. ड्रायव्हर पोराला खाट दिली, तो जेवून आठ वाजताच झोपला. सकाळी सगळे चवदार तळ्यावर गेलो.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब तिथे पाणी प्याले, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण परतीचं काय झालं, ते मुलांना सांगत चला. परिषद आटोपून लोक घरी निघाले होते, काही जेवत होते, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. गावोगाव निरोप गेले होते, की ही माणसं परत आली की त्यांना बडवा. म्हणजे तळ्यावर जाणं जेवढं अवघड, तेवढंच घरी पोचणं अवघड. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब 'पद्मावती' बोटीनं दासगाव बंदराला उतरले, तिथून मंडळी पायी महाडला गेली. धरमतरवरून मोटारीनं जायचं, तर मोटारवाले आपल्याला नेतील याची खात्री नव्हती. त्याच दासगाववरून आज आपली गाडी गाणी लावून जाते. जी वाट आपल्या माणसांनी मार खाऊन मोकळी केली, तिच्यावर आपण घाईपायी माणूस घालवायचा नाही.

आता माता-भगिनींच्या वाटचं बोलतो. दुपारी घरी पोचलो. पुरुष मंडळी पंख्याखाली आडवी होतात आणि म्हणतात, आला बुवा प्रवास संपत! पण कुणाचा संपला? पिशव्यांत वाळू, कपडे खारट आणि ओले, सुक्या बांगड्यांचा वास सगळ्या सामानाला. तीच बाई, जी गाडीत पोरं मांडीवर घेऊन आली, ती पदर खोचून गॅस पेटवते. आमच्या घरी ठरलं, की परतीच्या दिवशी चूल बंद. त्या रात्री शेजारच्या ताईंनी भाकऱ्या आणि पिठलं आणून दिलं, कपडे पोरांनी धुतले, आम्ही पिशव्या झटकल्या. मुलांची आई जेवून झोपली. त्या दिवशी तिचाही प्रवास संपला.

आपल्या विहारातून महाडला, दीक्षाभूमीला गाड्या जातात. समितीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, रात्रभर गाडी चालवायची नाही. लांबचा पल्ला असेल तर मुक्कामाचा खर्च वर्गणीतच धरा. दोन, ड्रायव्हरला झोपायला जागा आणि आपल्याच पंगतीत जेवण. तीन, गाडी परत येईल त्या दिवशी इथल्या तरुणांनी विहारात साधं जेवण तयार ठेवावं, म्हणजे आलेल्या बायकांना घरी जाऊन रांधायला लागू नये. याला फार पैसा लागत नाही, आधी ठरवावं लागतं एवढंच.

सगळे सुखरूप जा आणि सुखरूप घरी या, एवढं बोलून आम्ही रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!