खोकल्यासरशी होणारा त्रास

भगिनींनो, आजचा विषय चारचौघींत सहसा निघत नाहीं. खोकला आला, शिंक आली, हंसूं फुटलें किंवा भरलेली बादली उचलली कीं नकळत थोडी लघवी होते, ही तक्रार बाळंतपण झालेल्या कितीतरी स्त्रियांची असते. पण ती डॉक्टरांस सांगण्याऐवजीं त्या पाणी पिणेंच कमी करतात, लग्नकार्यास जाण्याचें टाळतात आणि वयास दोष देऊन गप्प बसतात. पाणी तोडल्यानें बद्धकोष्ठ होऊन कुंथावें लागतें व त्रास वाढतो, तें निराळेंच!

ओटीपोटाच्या तळाशीं स्नायूंची एक झोळी आहे. मूत्रमार्गास खालून आधार तिचा. बाळंतपणांत ती ताणली जाते. मग खोकल्याचा दाब वरून आला म्हणजे मूत्रमार्ग मिटून धरण्यास ती अपुरी पडते. व्यायामानें स्नायु बळकट होतो, हें दंडाविषयीं आपण सहज मान्य करतों. या झोळीविषयीं तेंच अमेरिकेंतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं निबंध लिहून मांडलें.

तो व्यायाम असा. वायु अडवितांना गुदद्वार आवळतों तसें आवळावें आणि पुढील मार्गही आंत, वर ओढावा. पोट, मांड्या सैल असाव्या. श्वास कोंडूं नये. प्रथम दोन-तीन अंक मोजेपर्यंतच धरवेल. पुढें आठांपर्यंत जावें, व तितकाच वेळ सैल सोडावें. असें ८ वेळां, आणि दिवसांतून ३ पाळ्या. लघवीची धार अडवून हा व्यायाम नित्य करूं नये. शिंक येणार असें वाटतांच आधींच आवळून धरावें; ही युक्ति फार उपयोगाची आहे.

निदान ३ महिने तरी नेटानें करावें. पंधरा दिवसांत गुण नाहीं म्हणून सोडणें व्यर्थ. कित्येकजणी आवळण्याऐवजीं खालीं जोर करतात, आणि त्यानें उलट अपाय होतो. यास्तव स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांजकडून एकदां पद्धत तपासून घ्यावी. स्थूल स्त्रियांनीं वजनही उतरवावें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या गटांत लघवी सुटण्याचे प्रसंग सहा महिन्यांत जवळजवळ निम्मे झाले. कांहीं जणींना योनिमार्गांत बसविण्याची पेसरी नांवाची कडीही आधार देते. शस्त्रक्रियेचा विचार या सर्वांनंतर.

मात्र लघवींत रक्त दिसलें, जळजळ होऊं लागली किंवा लघवी साफ होईनाशी झाली, तर व्यायामावर विसंबून न राहतां आधीं डॉक्टरांकडे जावें.