जिनिंगच्या स्टोअरमधला हिशेब

खामगावची कापसाची बाजारपेठ इतकी जुनी, की जलंबहून तिथवर रेल्वेचा फाटा 1870 सालीच आला. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास खामगाव, मलकापूरकडच्या जिनिंग फॅक्टऱ्या सुरू होतात. कापसाच्या गाड्या दारात उभ्या असतात आणि एखादं जिन, म्हणजे सरकी वेगळी करणारं यंत्र, बंद पडतं. लागणारा भाग स्टोअरमध्ये असतो, पण सापडत नाही.

यावर संगणक हा पहिला उपाय नव्हे. आधी प्रत्येक भागाला नंबर आणि जागा द्या. फिटर म्हणतो, "मोटरचं बेअरिंग द्या." कोणतं? 6205 आणि 6305, दोन्हींचं आतलं भोक 25 मिलिमीटर. शेवटच्या 05 ला पाचाने गुणलं की तेच येतं. पण बाहेरचा व्यास एकाचा 52, दुसऱ्याचा 62. चुकीचं नेलं, तर शाफ्टवर चढेल, हाउसिंगमध्ये बसणार नाही. म्हणून वहीत नंबर हवा आणि त्यापुढे रॅक 2, कप्पा 3.

आता साठा किती? समजा, हंगामात महिन्याला 6 बेअरिंग लागतात आणि मागवल्यावर माल यायला 10 दिवस. तेवढ्यात 2 खर्च होतील. गाडीला उशीर झाला तर म्हणून आणखी 2. शिल्लक 4 वर आली की त्याच दिवशी मागणी. हा आकडा कप्प्यावरच्या कार्डावर लाल शाईने लिहा. हंगाम संपत आला की मात्र तो खाली आणा. उन्हाळाभर पैसे कशाला अडकवायचे?

बहुतेक ठिकाणी महागडी मोटर कुलपात असते आणि व्ही-पट्टे कुणी मोजतही नाही. मला हे उलटं वाटतं. जिनचे रोलर आणि चाकू झिजताना दिसतात, पट्टा न सांगता तुटतो. भाग नसला तर काय थांबेल, हे किमतीआधी पाहा.

खरी गळती रात्रपाळीत. स्टोअरकीपर घरी, फिटर कुलूप उघडून भाग नेतो, नोंद राहून जाते. दाराशीच पावतीपुस्तक टांगा: तारीख, नंबर, नग, कोणतं जिन, सही. काढलेला जुना भाग शेजारच्या पेटीत. सकाळी पावत्या आणि पेटी ताडून बघायला फार वेळ लागत नाही. मोजणीही वर्षाअखेर एकदम नको, रोज चार-पाच कप्पे पुरे.

एक हंगाम हे वहीवर चाललं, की खुशाल संगणक घ्या. तोवर पावत्याच बरंच सांगतील. एकाच जिनचं बेअरिंग सारखं जात असेल, तर साठा वाढवू नका. आधी त्याचा शाफ्ट तपासून घ्या.