वारसा आणि अपवाद

११ जून २०२३ रोजी कर्नाटक शासनाने शक्ती योजना सुरू केली. तीनुसार राज्यातील स्त्रियांना साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवासाची मुभा मिळाली. वातानुकूलित गाड्या वगळल्या गेल्या. बंगळूरच्या शहर बसमध्येही स्त्री प्रवाशाला तिकीट मात्र द्यावयाचेच होते, शून्य रुपयांचे; कारण महामंडळाला शासनाकडून मिळणारी भरपाई अशा तिकिटांवर आधारलेली होती.

हा नियम संगणकाला कसा सांगावा? ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी घडविलेल्या सिम्युला ६७ या भाषेत त्याचे बीज सापडते. तीत उपवर्गाला मूळ वर्गाच्या रीती वारशाने मिळतात. परंतु ठरावीक रीती उपवर्ग स्वतःपुरत्या नव्याने सांगू शकतो. यालाच पुढे ओव्हररायडिंग हे नाव रूढ झाले.

समजा, 'प्रवासी' या वर्गात दोन रीती आहेत. 'भाडे' ही अंतरानुसार रक्कम सांगते. 'तिकीट' ही तिकीट छापून त्याची नोंद ठेवते. 'शक्ती-प्रवासी' हा त्याचा उपवर्ग. त्याने फक्त 'भाडे' नव्याने सांगावे: गाडी साधी असल्यास उत्तर शून्य, नसल्यास मूळ वर्गाचीच रीत बोलावून तिचे उत्तर पुढे करावे. 'तिकीट' वारशानेच येते. वाहकाच्या यंत्राने प्रत्येकाला 'भाडे' एवढेच विचारावे. उत्तर ज्याच्या त्याच्या वर्गातून मिळते.

येथे नवशिक्याने दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, नावाची. 'भाडे' याऐवजी 'भाडें' असे लिहिले गेले, तर संगणक ती निराळीच रीत समजतो. जुनी रीत चालू राहते आणि सवलतीस पात्र असलेल्या स्त्रीकडून पूर्ण रक्कम मागितली जाते. जावा भाषेत २००४ पासून अशा रीतीच्या माथ्यावर 'ओव्हरराइड' ही खूण लिहिता येते. त्या नावाची रीत मूळ वर्गात नसेल, तर कंपायलर तेथेच अडवतो.

दुसरी गोष्ट वचनाची. उपवर्गातील वस्तू मूळ वर्गाच्या वस्तूऐवजी ठेवली, तरी आज्ञावलीचा विश्वास ढळू नये, हे तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली मांडले. उपवर्गाने 'तिकीट' ही रीतही बदलून तीतील नोंद गाळली, तर प्रवास विनामूल्य होईल, पण त्याची भरपाई मागण्यास आधार उरणार नाही. उपवर्गाने रक्कम बदलावी. नोंदीचे मूळ वचन मोडू नये.