आधी दार उघडा



 डॉक्टर व समुपदेशकांच्या या परिषदेच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘पार्ट्यांमधील उत्तेजक द्रव्ये आणि तरुण : एक आढावा’ असं छापलं आहे. आढावा थोडक्यात घेतो, कारण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात साचली आहे आणि ती आज बोलायची आहे.

मार्च 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे गावात रेव्ह पार्टीवर छापा पडला आणि अडीचशेहून जास्त तरुण पकडले गेले. हे पैसेवाल्यांच्या पोरांचं खूळ आहे, असं तेव्हा आपण सगळेच म्हणत होतो. मग मेफेड्रोन आलं. पोरं त्याला एमडी म्हणतात. 5 फेब्रुवारी 2015 रोजी ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आलं. ऑक्टोबर 2020 मध्ये चाकणजवळ शेलपिंपळगावला सुमारे 20 किलो एमडी सापडलं आणि तपास रांजणगावच्या एमआयडीसीत पोचला. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या कारखान्याचं प्रकरण बाहेर आलं. विश्रांतवाडी, कुरकुंभ, दिल्ली, सांगली मिळून जप्त झालेला माल हजार किलोंच्या कितीतरी वर गेला. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधली नशेची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. एमडीला बोटीतून किंवा सीमेपलीकडून यावं लागत नाही. ते आपल्याच पट्ट्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होतं.

झाला आढावा. यात किलो आहेत, कोटी आहेत. मुलं कुठे आहेत? जप्तीच्या आकड्यावरून पोलिसांनी किती पकडलं ते कळतं, किती पोरं ओढतात ते कळत नाही. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालात अ‍ॅम्फेटामाइन गटातली उत्तेजकं घेणारे 0.18 टक्के आहेत. तो देशाचा आकडा आहे. मोशी, चिखली, महाळुंगे, खराबवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांत काय चाललंय, हे त्यावरून कळणार नाही. माझ्याकडे हिंजवडीचे अभियंते येतात, तसे ठेकेदाराकडे बारा तास उभं राहणारे पोरगेही येतात. पगाराच्या शनिवारी चौघं वर्गणी काढतात, वाकड-बाणेरला जातात आणि तिथून थेट सोमवारची पहिली शिफ्ट गाठतात.

सकाळच्या सत्रात एक तरुण सहकारी म्हणाले की दारूसारखे हात थरथरत नाहीत, झटके येत नाहीत, तेव्हा एमडीला व्यसन म्हणावं का? मी त्यांना निगडीचं एक घर दाखवतो. वडील भोसरीतल्या कारखान्यातून निवृत्त. मुलगा चोवीस वर्षांचा, सीएनसीवर काम करणारा. आईला आधी दिसलं ते च्युइंगम. शर्टाच्या, पँटच्या, जॅकेटच्या प्रत्येक खिशात च्युइंगम, कारण एमडी घेतलं की जबडा आवळतो आणि दात खाल्ले जातात. मग दिसलं की तो दोन दिवस जेवत नाही आणि तिसऱ्या दिवशी मेल्यासारखा झोपतो. उठला की भिंतीकडे तोंड करून रडतो. नशा तास-दीड तासात उतरते म्हणून तो एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढत होता. पुढे गाडी विकली, आईची पोत गेली. याला व्यसन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पण माझं दुखणं पुढेच आहे. आईला कळलं गणपतीत आणि ती मंडळी माझ्याकडे आली शिमग्याला. वडिलांचं पहिलं वाक्य होतं, “डॉक्टर, पोलिसांत कळवणार नाही ना?” दवाखान्यात नाव लिहिलं की केस होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. या भीतीने त्या घराचे सहा महिने खाल्ले.

मित्रहो, हे सांगणारा माणूस चुकीचं सांगत होता. एनडीपीएस कायद्यातच 64अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी, महापालिकेच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. एमडीचं अल्प प्रमाण म्हणजे 2 ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही, आणि नसावंच. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनाच्या रुग्णालाही गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हे कलम आपल्यातल्या किती जणांनी रुग्णाला वाचून दाखवलं?

कारखान्यांत सक्तीची लघवी तपासणी करावी, असाही ठराव आला आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे. नेहमीच्या पट्टीवर एमडी बऱ्याचदा सापडतच नाही. शिवाय एका कंपनीने माझ्या रुग्णाची फाइल मागितली होती. मी नाही म्हटलं. तरी चौकशीची कुणकुण लागली आणि त्या लाइनवरची आणखी दोन पोरं जी यायची थांबली, ती परत आली नाहीत. अफूच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आहे, तशी एमडीवर मान्यता मिळालेली गोळी नाही. इथे औषध म्हणजे बोलणं, झोप, आणि नैराश्यात पोरगं जिवाचं बरंवाईट करणार नाही ना यावर नजर. जो येतच नाही त्याच्याशी बोलायचं कसं? 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते गर्दच्या लाटेत. त्यांनी आधी दार उघडलं. आपण तपासणीचा ठराव लिहीत बसलो आहोत.

चाकण-महाळुंगे भागात आपल्या संघटनेने पाहणी हाती घ्यावी, असा माझा विचार आहे. तिचं स्वरूप कार्यकारिणी ठरवील. वायसीएम रुग्णालयात रात्रपाळीच्या मुलांना जमेल अशा वेळेची बाह्यरुग्ण सेवा मिळावी, यासाठीही प्रयत्न करू.

तोवर एक काम मात्र कुणाची वाट न पाहता करा. सोमवारी दवाखाना उघडाल तेव्हा दर्शनी भागात मराठीत आणि हिंदीत लिहून लावा : ‘व्यसनाच्या उपचाराला आलेल्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय कंपनीला दिली जात नाही.’ खाली कलम 64अ चा मजकूर द्या आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक लिहा : 14446.