शब्दांच्या जोड्या

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



केंद्रात मी इंग्रजीचा वर्ग घेते. तिथे पहिल्या दिवशी सांगते, शब्द सुटे पाठ करू नका, जोडीने करा. आपण भाकरी थापतो, पोळी लाटतो. भाकरी लाटली म्हटलं तर कोणीही हसेल. इंग्रजीतही चहा ‘मेक’ करायचा, गृहपाठ ‘डू’ करायचा, तक्रार ‘लॉज’ करायची. यामागे नियम नाही, वहिवाट आहे.

पण वहिवाट पाडली कोणी? वर्गात एकीने विचारलं, “ताई, ‘करिअर वुमन’ म्हणतात, मग ‘करिअर मॅन’ का नाही?” तेव्हा आम्ही फळ्यावर बाईला चिकटणारी विशेषणं लिहिली: ‘लूज’, ‘चेस्ट’, ‘फॉलन’. सैनिकाला ‘फॉलन’ म्हटलं तर तो रणात पडलेला असतो. बाईला म्हटलं की ती चारित्र्यातून पडलेली!

या जोड्या कोर्टातही जातात. १८६० च्या दंडविधानातल्या कलम ३५४ मध्ये ‘आउटरेज’ आणि ‘मॉडेस्टी’ यांची जोडी होती. मराठीत तिचा ‘विनयभंग’ झाला. त्या शब्दात भंगतो तो तिचा विनय. अंगावर हात टाकणारा दिसतच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमाचा आकडा ७४ झाला, जोडी तीच राहिली.

मथुरा खटला आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. धाकामुळे शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आणि पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणून तो ‘पीसफुल अफेअर’ ठरला. एक विशेषण, एक नाम, आणि तिची भीती पुसली गेली.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एक पुस्तिका काढून अशा अनेक जोड्या टाळायला सांगितल्या. ‘इव्ह टीझिंग’ ही त्यांतलीच एक. छळाला छेडछाड म्हणू नका, एवढी साधी गोष्ट.

म्हणजे वहिवाट मोडता येते. सुरुवात आपल्या कागदापासून करू या. तक्रारीत ‘तिच्यावर प्रसंग ओढवला’, ‘अतिप्रसंग झाला’ असं लिहू नका. प्रसंग आपण होऊन ओढवत नाही. त्याने काय केलं, कुठे, केव्हा, ते लिहा. वाक्यात कर्ता आला पाहिजे. कलम पोलीस लावतील. तक्रार वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ऐकताना कर्ता गळला असेल, तर सही करण्याआधी तिथेच थांबवा.