जवान घरी येतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. परंतु आपल्यापैकी काहीजणींचा मुलगा, भाऊ किंवा यजमान फौजेत आहेत, म्हणून अनुभवाचे चार शब्द बोलते.

जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षे नोकरी भरावी लागते. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन येतो. इतरांच्या संसाराला जेव्हा रंग भरतो, तेव्हा ह्यांचा निरोपसमारंभ होतो. स्टँडवर हलगी वाजते, हार पडतात, दारात औक्षण होते. दुसऱ्या दिवशी काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमचे हे सतरा वर्षांनी घरी आले. पहाटे साडेचारला उठून अंगण झाडून मोकळे! मुलांच्या अंथरुणाची घडी वाकडी दिसली की आवाज चढे. बाजारात कोणी रांग मोडली तर भांडण ठरलेले. इतकी वर्षे सोसायटीचे कर्ज, सासूबाईंचे औषधपाणी, डाळिंबाची बाग सारे मीच पाहत होते. ह्यांनी त्यात लक्ष घातले की मला राग येई. एके दिवशी बोलून गेले, "तुम्ही नव्हता तेव्हा घर नीट चाललं होतं."

भगिनींनो, तो शब्द मला आजही बोचतो. त्या दिवसापासून ह्यांचे बोलणे खुंटले. जेवले की बागेत जाऊन बसत.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पोरी, तू त्याला पाहुण्यासारखं वाढतेस. घरच्यासारखं काम सांग." त्या रात्री मी धीर करून विचारले. हे म्हणाले, "तिकडं उद्या काय करायचं ते आज ठाऊक असायचं. तीस माणसं माझ्या शब्दावर उभी राहायची. इथं माझ्यावाचून काहीच अडत नाही."

तेव्हा मला उमगले. ह्यांना माझा कारभार नको होता, आपला वाटा हवा होता. आम्ही कामे वाटून घेतली. हिशेब माझ्याकडे राहिला, बागेचे पाणी आणि फवारणी ह्यांच्याकडे गेली. शेतीची वीज रात्री-बेरात्री येते, पण पहाऱ्याची सवय असलेल्या माणसाला त्याचे काही वाटले नाही. तरीही घर सुरळीत व्हायला दोन वर्षे लागली.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. जे परत आले त्यांनी रात्री कशा काढल्या आणि त्यांच्या बायकांनी काय सोसले, हे मात्र कोणत्या दगडावर कोरायचे?

अवघडलेपण वेगळे आणि आजार वेगळा, हेही ओळखावे. झोपेत दचकून उठणे, फटाक्याने घाम फुटणे, माणसे टाळणे, बाटलीचा आधार घेणे हे महिनाभर चालले, तर तो हट्टी स्वभाव नव्हे, बायकोचा दोष नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तो मनाचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलला, तर एक दिवसही थांबू नये. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. सोलापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते.

आता आणखी एक गोष्ट. २०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्या मुलांची मुदत चार वर्षांची. शंभरातील पंचवीसपर्यंत मुलांना पुढे ठेवतात, बाकीची ऐन पंचविशीच्या आतबाहेर घरी येणार, तीही पेन्शनशिवाय. "का रे, परत आलास?" हा प्रश्न निदान आपल्या मंडळातील बाईच्या तोंडून त्यांच्या कानी पडू नये. त्याऐवजी त्याच्या आईकडे जावे, चहा घ्यावा आणि त्याला एखादे काम सांगावे. बोलू लागला तर ऐकावे, न बोलला तर खोदून विचारू नये.

औक्षणाचे ताट आपण हौसेने उचलतो. त्यानंतरची दोन वर्षेही आपलीच आहेत, एवढे लक्षात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.